घट्ट झाकणाची बरणी

मनस्वीची एक भुवई वर गेली की पाणी, दोन्ही गेल्या की लाडू, नाक आक्रसलं की टीव्हीचा आवाज कमी करायचा. आमच्या सीवूड्सच्या घरात ही भाषा सगळ्यांत पक्की येत होती ती माझ्या सासऱ्यांना, अप्पांना. लेक तीन वर्षांची झाली, तरी ‘हूं’च्या पलीकडे तोंडातून शब्द नव्हता. कान तपासले, ते तीक्ष्ण निघाले. मग अडतंय कुठे, आणि ही मला ‘आई’ म्हणणार कधी, या विचारानं माझं डोकं भणभणायचं.

वाचाउपचार करणाऱ्या अस्मिताताईंनी घरी येऊन आधी नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, तिच्या बरोबरीनं जमिनीवर बसा, हातातल्या वस्तूचं नाव घ्या, खेळताना तिची पाळी येऊ द्या. जाताना शेंगदाण्याचे लाडू त्यांनी घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत भरले. भुवईवर उघडायची नाही. निदान आवाज निघेपर्यंत वाट बघायची.

अप्पा खटावकडचे. नातवंडाला तोंड उघडून मागावं लागलं तर त्यांच्या घरात मोठ्यांना कमीपणा. अस्मिताताईंची पाठ वळताच त्यांनी मला विचारलं, “घरच्या पोरीला मागाय लावायचं?”

तरी प्रयोग सुरू झाला. मनस्वी बरणी हलवायची, उलटी करायची, तळातून लाडू बघायची. मला तर तिला न्याहाळायचं वेडच लागलं. ती आधी आमच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे. तिथे काय शोधत असेल? आणि नेमके तिचे ओठ हलायला लागले की अप्पांचा हात झाकणाकडे जायचा. मग मी नाहीतर माझा नवरा आशुतोष म्हणायचो, “अप्पा, थांबा.” अप्पा पुटपुटत हात पाठीमागे बांधायचे. थोड्या वेळानं एक ‘हूं’ यायचा आणि बरणी उघडायची.

असे कितीतरी दिवस गेले. परवा शेजारची तिच्याच वयाची मुलगी गॅलरीतून आईला हाका मारत होती. ते ऐकून मी आमच्या गॅलरीचं दार लावून घेतलं. त्या दुपारी मनस्वी बरणीसमोर गप्प बसली होती. साधा ‘हूं’ही नाही. माझाच धीर सुटला. खड्ड्यात गेला प्रयोग, असं म्हणत मी झाकण उघडायला बरणी ओढली.

तिनं दोन्ही हात झाकणावर ठेवले. कपाळाला आठी घातली, अगदी माझ्यासारखी, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अप्पा, थांबा.”

“मी कुठं काय केलं?” दारातून अप्पा म्हणाले. त्यांचे हात पाठीमागेच होते. मग आपण काय ऐकलं ते त्यांना उमगलं आणि ते येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले.

मला हसू येत होतं आणि रडूही. ‘आई’ नाही तर नाही, ‘अप्पा’ म्हणून का होईना, पोरीनं मला हाक मारली होती. मी हात पाठीमागे बांधले आणि थांबले.