न भाजणारा हात

भागोजी तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटायचा.
बायबलातल्या यहूदा देशाच्या उज्जीया राजाने गर्वाने याजकाचं, म्हणजे पुजाऱ्याचं, धुपाटणं हातात घेतलं.
पाली गावच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी सकाळपासून रांग लागायची.

चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात भागोजीने धुपाटणं घेतलेल्या गुरवाला बाजूला सारलं. पालखीपुढे उभं राहून त्याने धगधगता निखारा तळहातावर घेतला आणि त्यावर धूप टाकला. चेहरा हलला नाही. गाव त्याच्या पाया पडलं.

पालीच्या दवाखान्यातून कुष्ठरोग तपासणीला आलेल्या रूथबाईंनी त्याचा हात पाहिला.
"भागोजीकाका, हात बधिर झालाय, म्हणून भाजत नाही. दवाखान्यात या. गोळ्या घ्या."
"ह्यो देवाचा हात हाय, बाय. मी तुमच्या रांगेत उभा ऱ्हाऊ?"
"आमच्या बायबलातल्या उज्जीया राजाच्या कपाळावर धूप जाळताना कुष्ठाचा डाग उठला, तेव्हा तो तरी स्वतःहून देवळाबाहेर धावला."
"मग तुमचा राजा भित्रा!"
भोवतीची माणसं हसली.

दरवर्षी त्याने निखारा घेतला. जखमा चिघळून बोटं झडली. चौथ्या शिमग्यात निखारा हातात राहीना, तो पालखीसमोर घरंगळला. पाया पडायला वाकलेली माणसं मागे सरली. धुपाचा मान परत गुरवाकडे गेला. त्याच्याच पोरांनी भागोजीला बागेतल्या मांगरात, राखणीच्या खोपटात, नेऊन ठेवलं.

त्याच्या हातावर पहिला बधिर चट्टा उठला तेव्हा उपचार फक्त सहा महिन्यांच्या गोळ्यांचा होता.