धूप खाणारा संगणक

पडदा पुन्हा काळा झाला!

ऋतिकाने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले. खेळ ऐन रंगात आला की संगणक बंद पडायचा, हे आता रोजचंच झालं होतं. लगेच फोन वाजला. पलीकडे संघाची कप्तान समीक्षा.

"राग मानू नको गे ऋतिका. रविवारी वास्कोला अंतिम सामना. शनिवारच्या सरावात तुझं मशीन असंच मेलं, तर मला तुझ्या जागी सुविधाला खेळवावं लागेल."

डिचोलीच्या एका कॉलेजातल्या पाच मुलींचा हा संघ. खेळात पाच शत्रू कोटावर चालून येतात आणि ह्या पाच जणी तो कोट राखतात. वेशीवर उभी राहते ती ऋतिका. वर्षभर झटून मिळवलेली ती जागा आता हातची जाणार, म्हणून तिचे डोळे भरून आले.

"रडतेस कित्याक?" वडील अनंतराव म्हणाले. "नवा आणूया! शेजारच्या गौरेशाने आणला तो पळय, आत रंगीत दिवे लागतात. चवथीला पाहुणे येतील, ते हा डबा बघून काय म्हणतील? मी दुकानात सांगून ठेवलंय. उद्या नवा येईल, हा टाकूया मागे कुळागरात, पोफळींच्या बागेत."

मागे कुळागरात! मंडळी, तुमच्या-आमच्या किती घरांत असं एखादं 'मागे' असतं! वस्तू रुसली की तिकडे टाकायची आणि पाठ फिरवायची. पुढे तिचं काय होतं, ते बघायला कोण जातो?

त्या दिवशी मात्र एक जण गेले होते. गावच्या देवळात श्रावणातला सप्ताह होता. कीर्तनकार रघुनाथबुवा हे ऋतिकाच्या आईचे, प्रभावतीचे, मामा. ते ह्यांच्याकडेच उतरले होते. मागे कुळागरातून वाहणाऱ्या पाटाच्या पाण्यात पाय धुऊन बुवा आले ते ओल्या पायांनीच ओटीवर उभे राहिले.

"अनंता, पाटात तो टीव्ही कोणाचा रे?"

"आमचाच, बुवा. बिघडला होता."

"काय बिघडलं होतं?"

काय बिघडलं होतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं!

"आणि तो मिक्सर? तो पंखा?"

"जुने झाले होते, बुवा."

"जुना तर मीही झालो! मलाही ठेव नेऊन पाटात!" बुवा म्हणाले. ऋतिकाला डोळ्यांत पाणी असतानाही हसू फुटलं. बुवांचा आवाज मात्र गंभीर झाला. "अरे, ह्या यंत्रांच्या पोटात शिसं असतं, आणखी कसली कसली विषं असतात. पावसात ती धुपून पाटात उतरतात. तेच पाणी तुझ्या पानवेलीला. आणि त्याच वेलीच्या पानांचा विडा चवथीला गणपतीपुढे! देवाला काय वाहतोस, त्याचा विचार केलास कधी?"

"पण बुवा, यंत्र म्हणजे काय तुमचं कीर्तन न्हय. ते कधी ना कधी टाकावंच लागतं."

"माझी पेटीही यंत्रच की! सप्ताहाआधी मी दर वर्षी ती उघडतो. भात्याला भोक पडलं, ठिगळ लावलं. एक सूर बसला, तेवढी पट्टी बदलली. त्या एका सुरासाठी अख्खी पेटी टाकली असती, तर आज कशाच्या साथीने नामस्मरण केलं असतं? तुमच्या संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आधी उघडून तरी पाहा. खरोखर मेला असेल, तर नवा आण म्हणून मीच सांगेन. दुखणं न बघताच तिरडी बांधायची, ही कसली रीत?"

ऋतिका उठली. तिने वायर काढली, स्क्रू फिरवले आणि आजवर कधी न उघडलेलं झाकण बाजूला केलं.

"आई गे!"

आत काय नव्हतं! रस्त्यावरून जाणाऱ्या खाणीच्या ट्रकांची लाल धूळ, त्यात टेबलाला लागूनच असलेल्या देवाऱ्यातल्या धुपाची काजळी. दोन्ही मिळून चिकट थर झाला होता. कुंकू होतं, आणि पंख्याच्या पात्यात खंडेनवमीच्या हारातली सुकलेली झेंडूची पाकळीसुद्धा!

प्रभावतीने तोंडावर हात धरला. "म्हणजे मीच मारला गे त्याला? पूजा केली, रोज धूप दाखवला, धूळ बसू नये म्हणून हाताने विणलेलं आच्छादनही घातलं..."

बुवा पोट धरून हसले. "प्रभा, तुझी भक्ती खोटी न्हय! पण देवाला धूप आवडतो आणि यंत्राला लागतो वारा. गुदमरला होता गे बिचारा!"

मग सगळं घर कामाला लागलं. ऋतिकाने मऊ ब्रशने धूळ झाडली, थर पुसला. प्रोसेसरवर थंडाव्यासाठी लावलेला लेप सुकून खडू झाला होता, तो खरवडला. एक पंखा मात्र साफ करूनही खरखरत राहिला. तो खरोखरच झिजला होता. तेवढ्यासाठी अनंतराव पुटपुटत म्हापशाला गेले, नवा संगणक सोमवारपर्यंत पाठवू नका म्हणून दुकानात सांगितलं आणि नवा पंखा, नवा लेप घेऊन आले. लेक जोडणी करत असताना "हळू गे बाय, हळू" म्हणत तेच बॅटरी धरून उभे राहिले. संगणक देवाऱ्यापासून दूर, खिडकीशी गेला. आच्छादनाची घडी कपाटात गेली.

शनिवारचा सराव शेवटपर्यंत चालला. एकदाही पडदा काळा झाला नाही!

"ये गे वास्कोला!" समीक्षा फोनवर ओरडली.

रविवारी प्रत्येकीने आपापला संगणक न्यायचा होता. अनंतराव तो जड खोका मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. सभागृहात दुसऱ्या संघातल्या एका मुलाने टोमणा मारला, "अंकल, म्युझियममधून आणला काय हो?"

"चालू झाला की बघ!" अनंतराव म्हणाले आणि आपण कोणाची बाजू घेतली, ह्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शेवटचा डाव. समोरचे दोघे उरलेले, इकडच्या चौघी बाद. वेशीवर एकटी ऋतिका! अनंतरावांचे डोळे पंख्याकडे, ओठांवर हरिनाम. पंखा फिरत राहिला, पडदा उजळ राहिला. ऋतिकाने एकाला टिपलं, वळली, दुसऱ्यालाही टिपलं. कोट राखला!

"जिंकलं रे आमचं चेडू जिंकलं!" अनंतराव खुर्चीवर उभे राहून ओरडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात नकार कळवला आणि गुडघाभर पाण्यात उतरून टीव्ही, मिक्सर, पंखा सगळं बाहेर काढलं. "बुवा, चुकलो. बघितल्याशिवाय आता काही टाकणार नाही!" ते म्हणाले. जे सुधारण्याजोगं होतं ते दुरुस्तीला गेलं, उरलेलं पंचायतीच्या कचरा शेडमध्ये. ते बघून गौरेशही आपल्या मागच्या दारचा ढीग उपसायला लागला.

बंधुभगिनींनो, नवं घेण्यात पाप नाही. न पाहता टाकण्यात मात्र नक्की आहे. जे दुरुस्त होतं ते दुरुस्त करा, जे खरंच संपलं ते योग्य जागी पोहोचवा, आणि गावातलं पाणी देवाच्या अभिषेकाला घेता येईल इतकं निर्मळ ठेवा. ह्याहून मोठी पूजा ती कोणती!