थांबलेल्या सुया

गाण्याच्या बाई विणता विणता शिकवत. डोळे लोकरीवर, कान शिकणारीवर. सूर चुकला की नुसतं "हं" म्हणत. बरोबर लागला तरी सुया आपल्या चालूच. त्या थांबल्या, तर समजायचं की गाणं खरंच झालं. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून थोरली जाऊ चार वर्षं इमानेइतबारे शिकवणीला येत होती. तेवढ्या काळात बाईंचे घरभराचे स्वेटर विणून झाले, पण तिच्यासाठी सुया काही थांबल्या नाहीत.

मग एकदा धाकटी जाऊ सोबतीला म्हणून आली. बाईंनी सहज एक ओळ म्हणायला सांगितली. तिने दाराशी उभ्याउभ्याच म्हटली, आणि सुया थांबल्या.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. भाजी चिरायला बसली की बोट कापून घेणारी ही पोर, हिला गाणं कुठून आलं? आणि बाईंनी तर तिला लगेच शिकवणीला घेतलं. त्यात वर्षअखेरीच्या कार्यक्रमात एकटीने गायचं गाणं एकच. ते आपल्यालाच मिळणार, असं थोरलीने नवऱ्यापासून दुकानाच्या मालकापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

तेव्हा तिने अगदी मायेने धाकटीला सांगितलं, की बाईंना चढी पट्टी आवडते, घरी रोज तीच ताणून गात जा. धाकटी कसली भोळी, ताईंचा शब्द खाली पडू देईल तर ना! तिची खोली भिंतीपलीकडेच. ती गळा ताणायची आणि थोरली चहा गाळताना कान टवकारून वाट पाहायची, कधी फाटतोय आवाज. फाटेना. उलट ओळीच्या शेवटी ती असा काही हलका झोका द्यायची, की थोरलीचा जीव जळायचा. दुकानात गोळ्यांची पाकिटं काढतानाही तोच झोका डोक्यात घुमायचा.

निवडीच्या दिवशी अखेर धाकटीचा घसा साफ बसला. थोरलीने तिला स्वतः कोमट पाणी दिलं आणि तोंड फिरवून हसू दाबलं.

शिकवणीत बाईंनी थोरलीला गायला सांगितलं. ती गायली. ओळीचा शेवट आला, आणि सुया थांबल्या.

"हे कुठून आणलंस?" बाईंनी विचारलं. "आजवर तुझ्या गळ्यात नव्हतं."

 भिंतीपलीकडचा तो झोका आपल्या गळ्यात कधी उतरला, थोरलीलाच कळलं नव्हतं. धाकटीने मात्र तो लगेच ओळखला होता. ती थोरलीकडे बघत राहिली, मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ताईंचाच आहे तो. मी त्यांचं ऐकून ऐकून शिकले."

गाणं थोरलीला मिळालं. आवाज गेला तरी जिंकली ती मेली धाकटीच, असं मनात म्हणत ती घराकडे निघाली. गळ्याला मफलर गुंडाळून धाकटी शेजारून खुशीत चालली होती. थोरलीला तिचा अजूनही राग राग येत होता. कोपऱ्यावर वळताना ती थांबली.

"घसा सुटला की दोन पट्ट्या खाली गा," ती तिच्याकडे न बघता म्हणाली. "ती पट्टी तुझी नव्हे. मला माहीत होतं."