दांडी ढकलायची नाही

तीस वर्षं माझ्या नवऱ्याने, ओराल्बायने, विमान उडवलं आणि मी घरात निवांत झोपले. म्हातारपणी त्याने तो टोळ घरी आणला, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागेना.

टोळ हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव जायरोकॉप्टर. तीन चाकं, एकामागे एक दोन खुर्च्या, पाठीमागे इंजिन आणि डोक्यावर दोन लांबलचक पाती. दार नाही, छप्पर नाही. ओराल्बायचा सगळा जन्म आमच्या कोस्तानाय प्रांतातल्या गव्हावर औषध फवारण्यात गेला. टोळधाड आली की रात्र नाही, दिवस नाही. असा माणूस निवृत्तीनंतर हौस म्हणून घरी काय आणतो, तर टोळ. पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले होते. नंतर मला शाकेन आठवला.

शाकेन म्हणजे त्याचा जन्माचा सोबती. दोघं एकाच विमानात शेजारी शेजारी बसून फवारायचे. शाकेनने आधीच्या वर्षी असलंच यंत्र घेतलं आणि गवत कापणीच्या दिवसांत त्याच्यासकट शेतात पडला. वारा होता, असं सगळे म्हणाले. मयतीला, ही यंत्रं उडवायला शिकवणारा येरसाईनही आला होता. चाळिशीच्या आतला, कमी बोलणारा माणूस. मी समोवारपाशी चहा ओतत होते. तो पेला घ्यायला आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, वारा नव्हता. हात होता."

तेव्हा मला कळलं नाही. ओराल्बाय त्याच्याकडे शिकायला लागला तेव्हा कळलं. गावाबाहेर फवारणीच्या विमानांची जुनी धावपट्टी आहे, तिथे येरसाईन दर शनिवारी यायचा. मी कणकेचे बौरसाक तळून न्यायचे, चहा न्यायचे आणि ऐकत बसायचे. येरसाईन सांगायचा, की ही वरची पाती इंजिनवर फिरत नाहीत. आपण हवेत चाललो की वारा खालून पात्यांत शिरतो, म्हणून ती फिरतात. यंत्राचं सगळं वजन त्या वाऱ्याला लटकलेलं असतं. नाक वर गेलं, वेग पडला, तरी घाबरायचं नाही. इंजिनचा गॅस कमी करायचा, नाक खाली-वर करायची दांडी जागेवर धरायची, टोळ आपोआप खाली बसतो. पण घाबरून दांडी झटक्यात पुढे ढकलली, की तो वारा तुटतो, पाती मंदावतात, वाकतात आणि आपलंच शेपूट कापतात. त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही.

आणि फवारणीवाल्यांचं तर सगळं आयुष्य दांडी ढकलण्यात गेलेलं. शेताचा बांध आला की विमान वर खेचायचं आणि टोकाला पोचलं की नाक पुढे दाबून पुन्हा पिकावर उतरायचं. दिवसातून शंभरदा. विमानात ते बरोबरच होतं. ढकललं नाही तर विमान पडतं.

"नवशिक्याला मी शिकवतो," येरसाईन मला एकदा म्हणाला. "ओराल्बाय आगांना विसरायला लावायचंय. ते जमेल की नाही, माहीत नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण सहज म्हणतो. त्या उन्हाळ्यात ती म्हण कुणी काढली की मी उठून बाहेर जायचे.

ओराल्बायला यातलं काही सांगायला गेलं की तो उडवून लावायचा. येरसाईन शाळेत होता तेव्हा मी तारांच्या खालून विमान नेत होतो, म्हणायचा. आणि खरंच नेत होता. म्हणूनच तर माझा जीव टांगणीला.

मग येरसाईन भाचीच्या लग्नाला गेला. जाताना बजावून गेला, की आगांनी एकट्याने उडायचं नाही. दुसऱ्याच दिवशी ओराल्बाय दारात येऊन मला म्हणाला, "कामशात, चल, बस मागे. म्हणजे मी एकटा नाही."

मी का गेले? खाली उभं राहून आकाशाकडे बघत बसायची ताकद माझ्यात नव्हती. पडलाच तर दोघं पडू, असा सरळ विचार केला, डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि मागच्या खुर्चीत बसले.

वर गेल्यावर मी डोळे मिटून घेतले होते. वारा तोंडात शिरत होता. मग ओराल्बाय ओरडून काहीतरी दाखवायला लागला म्हणून डोळे उघडले. खाली शाकेनचं शेत होतं. ओराल्बाय त्यावरून अगदी खाली, गवताला टेकून चालला होता, जुन्या दिवसांसारखा. त्याची मान, त्याचे खांदे मला मागून दिसत होते. तो खुशीत होता. शेताचा बांध आला. त्याने टोळ वर खेचला, नाक आकाशाकडे गेलं, वेग पडला, आणि माझ्या दोन गुडघ्यांमधली दांडी पुढे जायला लागली.

मागच्या खुर्चीलाही दांडी असते, पुढच्या दांडीला जोडलेली. तिला हात लावायचा नाही, असं मला सांगितलेलं होतं. ती दांडी माझ्यापासून लांब गेली, माझ्या अंगाखालची खुर्ची निसटली, पट्ट्याने मला धरून ठेवलं आणि डोक्यावरचा पात्यांचा आवाज जड, तुटक झाला. मी दोन्ही हातांनी दांडी पकडली आणि होती तिथेच रोखून धरली. तो पुढे दाबत होता, मी मागे धरत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्याशी इतक्या जोराने कधी भांडले नव्हते. किती वेळ ते चाललं, देव जाणे. मग खुर्ची परत अंगाला लागली, पाती पुन्हा गुणगुणायला लागली आणि त्याने गॅस कमी केला. आम्ही उतरलो.

मी अजून पट्टा सोडत होते. ओराल्बाय लालबुंद झाला होता. "दांडीला हात का लावलास?" तो म्हणाला. "मारलं असतंस की दोघांनाही."

मी त्याच्या मागे चालू लागले. आणि खरं सांगते, घरी येईपर्यंत माझी मलाच शंका यायला लागली. त्याला विमानातलं कळतं. मला काय कळतं? मीच घाबरून धरली असेन.

येरसाईन परतला. त्याला या उड्डाणाचा पत्ता नव्हता. ओराल्बायचा हात सुधारलाय, असं त्याला वाटलं आणि पुढच्या शनिवारी एकट्याने उडायची परवानगी त्याने दिली. आदल्या दुपारी आमच्याकडे पंगतीचा दस्तरखान मांडला. मेंढी कापली, जुने वैमानिक आले, धावपट्टीवरचे सगळ्यांत वयस्क मेकॅनिक बाइझान आजोबा मानाच्या जागी बसले. आमच्याकडे वडीलधारा माणूस दोन्ही तळवे वर करून आशीर्वाद देतो आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले की तो पक्का झाला. मग ते काम मागे घेता येत नाही. पुढे शंभर शंका आल्या तरी नाही. माणूस जातोच.

जेवता जेवता ओराल्बायने स्वतःच तो किस्सा काढला. बायको कशी घाबरली, दांडीला कशी लोंबकळली, हे तो नक्कल करून सांगत होता. सगळे खो खो हसत होते. एक जण म्हणाला, वहिनींना दांडी कशाला, लाटणं द्या. मीही हसले. काय करणार? एकटा येरसाईन हसत नव्हता.

मग बाइझान आजोबांनी तळवे उघडले. सगळ्यांनी उघडले. ते म्हणायला लागले, की वाट मोकळी राहो, पंखांना बळ येवो. मी किटली हातात घेऊन दाराशी उभी होते. ते हात आता चेहऱ्याकडे जाणार आणि उद्या हा माणूस शाकेनच्या वाटेने जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"आजोबा, थांबा," मी म्हणाले. "हे खोटं सांगतायत."

घरात पाहुणे बसलेले आणि त्यांच्यासमोर बायको नवऱ्याला खोटारडा म्हणते! ओराल्बायच्या तोंडचा रंग उडाला. आत जा, असं तो म्हणाला. मी गेले नाही.

येरसाईनने विचारलं, "वहिनी, एकच सांगा. खुर्ची अंगाखालून गेली ती तुम्ही दांडी धरण्याच्या आधी की नंतर?"

"आधी," मी म्हणाले. "दांडी पुढे गेली. खुर्ची गेली. मग मी धरली."

त्या खोलीत बसलेला प्रत्येक जण उडालेला होता. खुर्ची निसटते ती दांडी ढकलल्यावरच, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बाइझान आजोबांनी वर केलेले तळवे चेहऱ्यावरून न फिरवता हळूच गुडघ्यांवर ठेवले. मांस पानात तसंच गार झालं आणि पाहुणे लवकर उठले.

पाहुणे निघताना ओराल्बाय येरसाईनला सगळ्यांदेखत म्हणाला, "हिचे हात एवढे शहाणे असतील तर हिलाच शिकव."

टोमणाच होता तो. पण मी तो हसण्यावारी नेला नाही. टोळावर मी बसले असेन तेवढा वेळ तरी हा बसणार नाही, असा माझा हिशेब. शनिवारी मी पट्टीवर जाऊन पुढच्या खुर्चीत बसले. येरसाईन माझ्याकडे बघत राहिला, मग गुपचूप मागे चढला. ही माझी हौसेची सुरुवात. लोक विचारतात तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगते.

भीती गेली का? छे. प्रत्येक वेळी जमीन सुटली की माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. पण माझ्या हातांना जुनं काही येत नव्हतं. गॅस कमी म्हटलं की कमी, दांडी जागेवर म्हटलं की जागेवर. शिकायला मला वेळ लागला, पण विसरायला काहीच नव्हतं. घरी ओराल्बाय माझ्याशी मोजकं बोलायचा. पट्टीवर मात्र यायचा आणि लांब इंधनाच्या पिंपांपाशी उभा राहून बघायचा. येरसाईन त्याला पुन्हा शिकवायला तयार होता. याने ऐकलं नाही. टोळाची चावी याच्याच खिशात असायची; सकाळी मला द्यायचा, उतरले की हात पुढे करायचा. हिचं नाटक एकदाचं संपू दे, मग बघतो, असं म्हणायचा. ते ऐकून मला आकाशापेक्षा जमिनीवरच जास्त धडकी भरायची.

बर्फ वितळून पट्टी वाळली, तेव्हा येरसाईनने मला एकटीला सोडलं.

मागची खुर्ची रिकामी होती. मी मोठमोठ्याने स्वतःशीच बोलत होते. गिरकी घेऊन परत येताना नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम वारा उठला आणि त्याने टोळाचं नाक वर फेकलं. वेग पडला. समोर नुसतं आकाश. मी गॅस कमी केला आणि दांडी जागेवर अशी धरली, जसं तापलेलं लेकरू धरावं. टोळ डुलत डुलत खाली बसायला लागला. नाक आपलं आपण खाली आलं. मी गॅस दिला आणि पुन्हा एकदा तसंच झालं, आणि मी पुन्हा तसंच केलं. मग उतरले.

येरसाईन धावत आला. ओराल्बाय आला नाही. तो पिंपांपाशी जमिनीवर बसला होता आणि त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने मनगटात आवळून धरला होता. मी जवळ गेले. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"तुझं नाक वर गेलं," तो म्हणाला, "आणि माझा हात पुढे गेला. इथे, उभ्या उभ्या. हातात काही नव्हतं तरी."

मी त्याच्यापाशी बसले.

"दुसऱ्यांदा मला माहीत होतं. मी त्या हाताकडे बघत होतो. नको म्हणत होतो. तरी गेला, कामशात."

मी तो हात घेतला. गार पडला होता. त्याला भीती वाटत होती. जन्मात पहिल्यांदा. मला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. इतके दिवस मी एकटीच घाबरत होते.

चावी अजून टोळालाच होती. तो म्हणाला, "ती आता तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस. शिव्या दिल्या, हातापाया पडलो, तरी देऊ नकोस."

पुढच्याच आठवड्यात त्याने मागितली. गोड बोलून मागितली. मी दिली नाही. अजून मागतो.