किशोरीच्या पाठीमागची उशी

मित्रांनो, मी उशी आहे. डोक्याखाली घ्यायची नव्हे, पाठीमागे बांधायची. पोटात शेवरीचा कापूस आहे, त्याच्या आता गाठी झाल्यात. अंगावरची रेशमी खोळ विटली आहे आणि तिच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे. तो चहाचा नाही. सध्या माझा मुक्काम मस्कतला, दार्सैतच्या एका फ्लॅटमध्ये, कपाटाच्या माथ्यावर. ऐकायला कोणी बसलंच आहे, तर सगळं सांगून टाकते. गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म १९३६ सालचा, मुंबईचा. मला किशोरीनं शिवलं. शिवणाची हौस होती म्हणून नव्हे, विमान पुरुषाच्या मापानं बांधलं होतं म्हणून. किशोरी बावीस वर्षांची, उंचीनं पाच फुटांच्या आत. विमान सरळ ठेवायला पायांनी एक दांडा दाबावा लागे. ती खुर्चीला टेकून बसली की तिचे पाय दांड्याच्या वीतभर अलीकडेच राहत. फ्लाइंग क्लबचा मिस्त्री ओमप्रकाश भला माणूस. "बहनजी, लकड़ी के दो टुकड़े ठोक देता हूँ, झंझट ख़तम," म्हणाला, आणि दांड्यावर दोन ठोकळे बसवूनही दिले. चार दिवसांत सेक्रेटरीसाहेबांनी ते काढायला लावले. कोणा सभासदाचे बूट त्यात अडकत होते म्हणे. किशोरीनं तीनदा अर्ज केला. उत्तर एकदाच आलं: एका सभासदाच्या सोयीसाठी विमानात बदल करता येणार नाही.

एका सभासदाच्या! अख्ख्या क्लबात बाई एकच. असल्या उत्तरानं दुसरी येणार तरी कुठून?

मग तिनं मला शिवलं. मांजरपाटाची जाड खोळ आणि चार कोपऱ्यांना चार नाड्या. त्या खुर्चीच्या पाठीला करकचून बांधल्या की मी जागची हलत नसे आणि किशोरी वीतभर पुढे सरके. माझ्या भरवशावर ती एकटी उडाली. परीक्षा पास झाली. एकदा घाटावर इंजिन बंद पडलं. खाली नुसते कडे. तिनं विमान वाऱ्यावर तरंगवत नेलं आणि एका नाचणीच्या शेतात अलगद टेकवलं. तिच्या पाठीचा घाम माझ्या कापसापर्यंत आला होता, पण हात थरथरला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या बातमीदारानं तिला विचारलं, "स्वयंपाक येतो का?" त्याच वर्षी क्लबच्या दोन पुरुषांनी दोन विमानं मोडली. कागदावर लिहिलं गेलं: वाऱ्याचा झोत.

पुढचं साल, नवरात्राच्या आधीचे दिवस. घरात दसरा काढला होता. घटस्थापनेपूर्वी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आपल्याकडची रीत. किशोरीची धाकटी बहीण वसुंधरा, वसू, तेव्हा नऊ वर्षांची. तिनं माझी खोळ काढून धुतली आणि दोरीवर टाकली. खोळ सकाळपर्यंत वाळली नाही. पोरगी हुशार. आईच्या जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याची नवी खोळ तिनं स्वतः शिवली, मला घातली आणि ताईच्या पुढ्यात धरली.

"अगं, आणि नाड्या?" किशोरीनं विचारलं.

"त्या ओल्या खोळीला आहेत ना. पण ही बघ की, कशी चकाकते!"

किशोरीनं दोरीकडे पाहिलं, मग वसूच्या तोंडाकडे. क्लबात बाईला पंधरवड्यातून एकच सकाळ मिळे. ती चुकली की पुन्हा पंधरा दिवस. "झकास आहे गं," म्हणाली आणि मला काखेत मारून निघाली.

मित्रांनो, रेशीम खुर्चीच्या कातड्यावर ठरत नाही. विमान धावायला लागलं, हादरे बसले, आणि मी सरकले. आधी बोटभर, मग बाजूनं पार निसटले. किशोरी मागे गेली. विमान डावीकडे ओढ घ्यायला लागलं. तिचा उजवा पाय दांडा शोधत राहिला. ती ओरडली नाही. कमरेतून खाली खाली घसरत तिनं पाय ताणला, बुटाचं टोक दांड्याला लागलंही. तेवढ्यात मैदानाच्या कडेचा बांध आला.

ती जागच्या जागी गेली. चौकशीचा कागद दीड पानाचा निघाला. स्त्रीसुलभ घबराट. नवशिक्या वैमानिकेचा धीर सुटला. त्यात ठोकळे नाहीत, अर्ज नाहीत, मी नाही. वसूनं मला ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि स्वतःचं तोंड शिवून घेतलं.

ती ट्रंक तिच्या लग्नात गेली, भाड्याच्या तीन घरांत फिरली. नवरा वारल्यावर मुलानं, चंद्रहासनं, तिला मस्कतला आणलं, तेव्हा मी तिच्या बॅगेत होते. चंद्रहास रुसैलच्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. मी कोण हे वसूखेरीज त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला बाल्कनीतल्या खुर्चीत टाकलं. धूळ खाल्ली, एसीचं पाणी प्यायले, बसणाऱ्यांची बुडं सोसली.

२०१३ साली वसूच्या नातीला, उर्वीला, शाळेच्या प्रदर्शनासाठी विषय मिळाला: सुरुवातीच्या काळातल्या महिला वैमानिक. चंद्रहासची छाती फुगली. "अरे, माझी मावशीच पायलट होती! यल्ला, चल, आजीचे कागद काढ."

उर्वीनं कागद काढले आणि अडखळली. "आजी, इथे लिहिलंय, शी लॉस्ट हर नर्व्ह. म्हणजे ती... घाबरली होती का?"

"नाही."

"मग हे राँग आहे?"

"खोटं आहे. आणि मी शहात्तर वर्षं ते खपवून घेतलंय." वसू उठली, बाल्कनीतून मला घेऊन आली, मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नाड्या, रेशीम, सगळं.

चंद्रहास बोटानं टेबल वाजवायला लागला. "आई, खलास झालं ते आता. तिथे मावशीचा छान फोटो लावू, लायसन लावू. हे सांगितलंस तर लोक काय म्हणतील? की बहिणीनंच बहिणीला मारलं."

"म्हणू देत."

"तू नऊ वर्षांची होतीस गं!"

"मी नऊ वर्षांची होते. सेक्रेटरी नव्हता नऊ वर्षांचा. चंदू, माझं तोंड उघडलं तर मी बदनाम होते. नाही उघडलं तर ताई भित्री म्हणून मरते, ते पण दुसऱ्यांदा. मला पंच्याऐंशीवं चालू आहे. मी काय सांभाळून ठेवू आता?"

प्रदर्शनाच्या दिवशी ती व्हीलचेअरवर शाळेत गेली, मी तिच्या मांडीवर. परीक्षक म्हणून एक निवृत्त कॅप्टन आले होते, आपलेच, पुण्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आजी, टेक्निकली चूक तुमच्या कव्हरची झाली ना मग?"

"झाली. लिहा तसं, माझ्या नावानं लिहा. आणि ती खुर्ची बनवणाऱ्याची चूक कुठल्या रकान्यात घालणार तुम्ही?"

"आजी, अजून बारा टेबलं बघायची आहेत," म्हणून ते पुढे गेले. चंद्रहास "मी गाडीत बसतो" म्हणाला आणि निघून गेला.

उर्वीनं काळा मार्कर घेतला. चार्टवर चिकटवलेल्या त्या इंग्रजी ओळीवर एक रेघ मारली, मग दुसरी, कागद फाटेपर्यंत. खाली, आजीला विचारत विचारत, वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं: किशोरी घाबरली नव्हती. तिचे पाय पोचत नव्हते.

"अजून एक ओळ," वसू म्हणाली. "रेशमी खोळ वसुंधरेनं शिवली."

"आजी, ते लिहिलंच पाहिजे?"

"लिही."

बक्षीस थर्माकोलच्या विमानाला मिळालं. चार्ट तीन दिवस भिंतीवर होता, मग टेप सुटला आणि झाडूवाल्यानं तो नेला. किती जणांनी वाचला, मला माहीत नाही. पुढच्या मार्चमध्ये वसू गेली. शेवटचे महिने ती मला पाठीशी घेऊन बसायची. चंद्रहास तिला औषध द्यायला यायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी आर्जव करतात, आम्हाला जपा म्हणून. मला जपू नका. मी कापूस आहे, आज ना उद्या कसर लागेलच. पण तुमच्यातलं कोणीतरी मोठेपणी अपघाताचा कागद लिहायला बसेल, आणि मेलेल्या बाईला उलट बोलता येणार नाही. त्या दिवशी पेन उघडण्याआधी एक मोजपट्टी घ्या. आधी तिला बसवलं होतं ती जागा मोजा. तिचं काळीज मागाहून मोजा.