मशीनलाही क्षय झाला

शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून बघत होती. मधोमध पाण्याचा काचेचा पेला, त्याच्यामागे महाराज. त्यांनी एक काळपट, कडक मणी शिंप्याच्या छातीवरून फिरवला, पेल्यात सोडला आणि डोळे मिटले.

"ये बाई, बाहेर ये! फुप्फुस सोड, भाड्याचं घर सोड!"

पुटपुट लांबतच गेली. अखेर मणी उकलला आणि त्यातून पांढरी, बुळबुळीत अळी लांबत बाहेर आली.

"निघाली! क्षयाची अळी निघाली!" लोक ओरडले.

"आता गोळ्या बंद," महाराज म्हणाले. "गोळ्यांनी अळी चवताळते. पुढच्या बैठकीत तिची पिल्लं काढू."

शिंप्याच्या बायकोच्या जिवाला मात्र थारा नव्हता. खोकला तसाच होता. गोळ्या मध्येच सोडल्या तर पुढे औषध लागू पडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिची भाजी करपत होती, शिलाई वाकडी जात होती, आणि नवऱ्याचं एकच पालुपद, "डोळ्यांनी बघितलीस ना अळी? मग?"

शेवटी तिनं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या धाकट्या नणंदेला बोलावलं आणि केरातून उचललेलं मण्याचं टरफल पुढे केलं.

नणंदेनं ते उजेडात धरलं. "वहिनी, याला देठ आहे. देवाघरचा मणी देठाला लागत नाही. असलं काही तळ्याकाठी उगवतं, चला."

काठाच्या चिखलात चार-चार पानांची इवली रोपं दाटली होती.

"वन्सं, हे तर चारा म्हणून घालतात त्या तिपानी गवताचं भावंड."

"पानं मोजून नातं ठरत नाही. फूल शोधा."

वहिनीनं गुडघे चिखलात टेकून शोधलं. फूल कुठंच नव्हतं. कोवळं पान मात्र दिसलं. "अगंबाई, आमच्या मापाच्या टेपसारखं गुंडाळलंय!"

"असं पान नेच्याचं, म्हणजे फर्नचं. नेच्याला फूल नाही, बी नाही. याचा वंश या मण्यात." तिनं रोपाच्या बुडाशी लागलेले काळे मणी दाखवले.

घरी येऊन वहिनीनं एक मणी पाण्यात टाकला. ती सारखी उठून बघायची. मणी ढिम्म.

"मग महाराजांचाच कसा उघडतो?" तिनं टरफल पुन्हा हातात घेतलं. कड चाचपताना तिचं बोट थांबलं. "वन्सं, हे फाटलेलं नाही. हे कापलंय."

पुढच्या बैठकीत महाराजांचा मंत्र सुरू होताच वहिनी उठली. तिनं एक मणी शिवणयंत्राच्या लोखंडी पायावर खसाखसा घासला आणि दुसऱ्या पेल्यात टाकला. काही वेळानं तिथंही पांढरी अळी लांबली.

"अरे, मशीनलाही क्षय!" कोणीतरी म्हणालं आणि गठ्ठ्यांवरची माणसं हसून घसरली.

"ती खोटी अळी!" महाराज गरजले.

"मग तुमचा मणी चीर न पाडता टाका," नणंद म्हणाली. "हा घ्या, अख्खा आहे."

महाराजांना अचानक दुसऱ्या गावचा भक्त आठवला. त्यांनी झोळी उचलली.

नणंदेनं लोकांना समजावलं, "आत वाळलेला डिंकासारखा पदार्थ असतो. चिरेतून पाणी शिरलं की तो फुगून दोरीसारखा बाहेर येतो. त्याला ना तोंड, ना पोट, ना क्षय. डोळ्यांनी दिसलं ते खरंच होतं. पण ते कुठून आलं, हे कुणीच विचारलं नाही. एवढं विचारायला शिका, माणसं वाचतील."

शिंप्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "गोळ्या कुठं ठेवल्यास?"

"आधी डॉक्टरांकडे. खंड पडलाय, पुढचं तेच सांगतील," वहिनी म्हणाली.

तिनं चपला केव्हाच घातल्या होत्या.