कॅप्टन रणदिव्यांची चेकलिस्ट

कॅप्टन रणदिवे आमच्या पायलट युनियनचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर भाषण ठोकणारा आणि टाळ्या घेणारा माणूस. २०१९च्या मार्चमध्ये आमची विमान कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती, कुणालाच पगार नव्हता, आणि या गृहस्थांनी बैठक ठेवली ती कुठे, तर डहाणूला, कोसबाडच्या वाटेवरच्या स्वतःच्या फार्महाऊसवर. मुंबईत म्हणे पत्रकार पिच्छा सोडत नाहीत. पत्रकारांना आपण हवेहवेसे वाटतो, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

मी प्रगती, को-पायलट, तलासरीची. बाकीचे गाड्या करून आले आणि उतरल्या उतरल्या चिकूच्या झाडांखाली सेल्फी काढायला लागले. मी बाबांच्या स्कूटरवर आले. फाटकात चिमणमामा भेटला. हा माझा सख्खा मामा, चिकूच्या वाड्या ठेक्याने घेतो.

"तू इथं कशी गं?" टोपली खाली ठेवत तो म्हणाला. "ही वाडी आता माझ्याकडं हाय. पाच वर्साला घेतली. सायब तं चालला ना बाहेरदेशी."

"कोणी सांगितलं?"

"सायबानंच. बंगल्याची चावी पन माझ्याकडंच ठेवनार हाय."

माझं डोकंच सणकलं. कारण आज आम्ही जमलो होतो ते कोणीही कुठेही जाऊ नये म्हणून.

कंपनीशी होणाऱ्या कराराचा मसुदा रणदिव्यांनी आणला होता. वर्षभर एकाही पायलटने नोकरी सोडायची नाही. सोडू म्हटलं तर कंपनीने त्याला अडवायचं. बदल्यात कंपनी थकलेले पगार देणार, आधी कॅप्टनांचे, मग उरलं तर आमचे. आम्हाला पगार न देणाऱ्या कंपनीला नोटिशीच्या नियमावर बोट ठेवून आम्हाला अडवायला आजवर तोंड नव्हतं, ते आता आम्हीच देणार होतो. हात वर करून बहुमत झालं की करार सगळ्यांना लागू. मला दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. करार झाला, की ते बोलावणं मातीत आणि मी या मढ्याला बांधलेली.

"जहाज बुडतं तेव्हा कॅप्टन सर्वात शेवटी उतरतो," रणदिवे म्हणाले. टाळ्या पडल्या. आम्ही विमानवाले, यांना जहाज कशाला लागतं कोण जाणे! बोईसरचा विनोद, माझ्याच बॅचचा को-पायलट, माझ्या कानाशी लागला, "सर आहेत ना, मग टेन्शन नाही." या विनोदला भाजीत मीठ कमी आहे का, हेसुद्धा सरांना विचारूनच कळलं असतं. मला त्याची दया यायला हवी होती. किळस आली.

"प्रगती, तुझा आवाज स्वच्छ आहे," रणदिवे म्हणाले. "एकेक कलम वाच, म्हणजे मतदान उरकून जेवायला बसू."

विमानात आमची एक रीत असते. एकाने चेकलिस्ट वाचायची, दुसऱ्याने मोठ्याने उत्तर द्यायचं. 'फ्लॅप्स?' 'सेट.' 'ब्रेक्स?' 'चेक्ड.' उत्तर आल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. जन्मभर हे केलं की उत्तर डोक्यातून येत नाही, जीभच देते. रणदिव्यांची जीभ तर नेहमीच डोक्याच्या पुढे धावायची.

मी उभी राहिले आणि कॉकपिटच्या सुरात सुरुवात केली.

"नोकरी न सोडण्याची मुदत?"

"एक वर्ष," रणदिवे खुर्चीत रेलून म्हणाले. सगळे हसले. त्यांनाही गंमत वाटली.

"कॅप्टनांची थकबाकी?"

"फर्स्ट."

"को-पायलटांची?"

"आफ्टर."

"युनियनची मान्यता?"

"चेक्ड."

पुढचं कागदावर नव्हतं, तरी मी कागदावरून नजर हलवली नाही. सूरही बदलला नाही.

"अध्यक्षांचा राजीनामा?"

"ॲक्सेप्टेड."

"अध्यक्षांचा नोटीस पिरियड?"

"वेव्ड."

मग त्यांना कळलं. कॅप्टनला राजीनाम्यानंतर वर्षभर राबावं लागतं, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. आम्हाला बांधून देण्याच्या मोबदल्यात कंपनीने यांचं ते वर्ष माफ केलं होतं.

मला वाटलं, आता कोणीतरी यांची गचांडी धरेल. निदान आवाज तरी चढेल. कसलं काय! सर्वात आधी विनोदच उठला.

"सर, कोणाला भेटलात? आमचंही होईल का?"

पाठोपाठ बाकीचे. त्यांच्या खुर्चीभोवती घोळका जमला. कोणी नोटीस माफ करणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर मागत होतं, कोणी म्हणत होतं, सर, माझं नाव सांगा ना. मसुदा टेबलावर तसाच पडला होता, त्याच्यावर कोणीतरी वेफर्सची प्लेट ठेवली. मतदानाचं कोणी नावही काढलं नाही. एकजूट, एकजूट म्हणून घसा फोडणारी ही माणसं! एका शब्दात विकली गेली, तीही किंमत न विचारता.

घोळक्यातून वाट काढत रणदिवे माझ्यापर्यंत आले. "हा विश्वासघात आहे, प्रगती."

"मी फक्त वाचलं, सर. उत्तरं तुमची."

फाटकाबाहेर येऊन मी दुसऱ्या कंपनीला होकार कळवला. मामा टेम्पोत टोपल्या चढवत होता. त्याने माझ्या स्कूटरच्या डिकीत मूठभर चिकू टाकले.

"कवा जातो सायब?"

"एकटा नाही जात मामा. आता सगळेच निघालेत."

"आनि तू?"

"मीपण. पण मी भाषण नव्हतं केलं."